हॉलिवूडचे जुने संगीतपट घरी कसे पाहावेत: नव्या प्रेक्षकांसाठी पायरीवार मार्गदर्शन

गाणी आणि नृत्ये असलेले चित्रपट आपल्याला नवे नाहीत. तरीही साधारण १९३० ते १९६५ या काळातले हॉलिवूडचे संगीतपट पहिल्यांदाच पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाचा पुष्कळदा हिरमोड होतो, असा माझा अनुभव आहे. त्याचे कारण बहुतेक वेळा चित्रपटात नसते. तो कोणत्या प्रतीतून, कोणत्या सेटिंगवर आणि कोणत्या क्रमाने पाहिला, यात असते. संगीत नाटकात पद रंगले की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत आणि नाटक तेवढा वेळ खुशाल थांबे. या चित्रपटांपैकी उत्तम चित्रपटांत मात्र कथा नेमकी गाण्यात आणि नृत्यातच पुढे सरकते. नृत्य सुरू होताना एकमेकांवर रुसलेली दोन माणसे नृत्य संपेपर्यंत प्रेमात पडलेली असतात आणि मधल्या तीन-चार मिनिटांत एकही संवाद झालेला नसतो. म्हणूनच पाय दिसले नाहीत, आवाज बिघडला किंवा गाणे पुढे ढकलले, तर नुसती करमणूक कमी होत नाही, तर कथाच हातून निसटते. पुढच्या सगळ्या सूचनांमागे एवढे एकच सूत्र आहे.

१. लागणारे साहित्य

फार खर्च करण्याची गरज नाही. पुढील गोष्टी हाताशी असल्या की पुरे.

- ज्याची चित्राची सेटिंग्ज बदलता येतात असा टीव्ही किंवा मोठा मॉनिटर. मोबाइलवर हे चित्रपट पाहू नयेत, कारण संपूर्ण देह दिसेल अशा अंतरावरून टिपलेले नृत्य त्या पडद्यावर फार बारीक दिसते.
- टीव्हीच्या अंगच्या स्पीकरपेक्षा बरे असे स्पीकर किंवा साधे, चांगले हेडफोन.
- गाण्यांचे शब्दही दाखवणारी इंग्रजी सबटायटल्स.
- डिस्क विकत घेणार असाल, तर तिच्या रीजनशी, म्हणजे ती जगाच्या ज्या विभागासाठी काढली आहे त्याच्याशी, जुळणारा प्लेअर.
- एक वही. तिच्यात चित्रपटाचे नाव, वर्ष, स्टुडिओ, दिग्दर्शक, संगीतकार, गीतकार आणि नृत्यदिग्दर्शक एवढ्या नोंदी ठेवाव्यात. पाचसहा चित्रपट झाले की तीच नावे पुन्हापुन्हा भेटू लागतात आणि पुढे काय पाहावे, हे वहीच सांगू लागते.

२. नाव आणि वर्ष ताडून पाहा

नवख्यांची पहिली गफलत इथे होते. एकाच नावाचे अनेक चित्रपट आहेत आणि शोधयादीत बहुधा सर्वांत नवा आधी येतो. ‘अ स्टार इज बॉर्न’ १९३७, १९५४, १९७६ आणि २०१८ असा चार वेळा निघाला. त्यांतला ज्युडी गार्लंडचा, जॉर्ज क्यूकर दिग्दर्शित संगीतपट १९५४ चा. ‘वेस्ट साइड स्टोरी’ १९६१ चा आणि २०२१ चा असे दोन आहेत. ‘शो बोट’चा १९३६ चा कृष्णधवल चित्रपट, ज्यात पॉल रोबसन गातो, तो वेगळा आणि १९५१ चा रंगीत वेगळा, मला स्वतःला पहिला कितीतरी अधिक मोलाचा वाटतो.

नाव-वर्ष जुळले, तरी लांबी तपासावी. १९५४ चा ‘अ स्टार इज बॉर्न’ प्रदर्शनानंतर स्टुडिओने बराच कापला. १९८३ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली, तेव्हा काही प्रसंगांचा आवाज मिळाला, पण चित्र मिळाले नाही. म्हणून तिथे स्थिरचित्रे वापरली आहेत. ही आवृत्ती सुमारे १७६ मिनिटांची आहे. तिच्यात मध्येच हलते चित्र थांबून छायाचित्रे दिसू लागली, तर प्रत खराब आहे असे समजू नये. उलट तीच पाहावी.

३. प्रत कुठून आणि कशी मिळवावी

स्ट्रीमिंग सेवांवरील जुन्या चित्रपटांची यादी सतत बदलते, त्यामुळे आज एखादा चित्रपट अमुक ठिकाणी आहे, असे इथे लिहून ठेवण्यात अर्थ नाही. शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एमजीएम या स्टुडिओचे १९८६ पूर्वीचे चित्रपट टर्नर कंपनीमार्फत पुढे वॉर्नरकडे गेले. त्यामुळे संगीतपटांचा सर्वांत मोठा खजिना, म्हणजे निर्माता आर्थर फ्रीड याच्या विभागाने एमजीएममध्ये काढलेले चित्रपट, हल्ली वॉर्नरच्या नावाखाली शोधावा लागतो. वर्गणीच्या सेवेत चित्रपट नसेल, तर डिजिटल भाड्याने किंवा विकत मिळतो का, ते पाहावे.

इंटरनेटवर फुकट दिसणाऱ्या प्रतींपासून सावध राहावे. ‘रॉयल वेडिंग’ (१९५१) या चित्रपटाच्या अमेरिकेतील स्वामित्वहक्काचे नूतनीकरण झाले नाही आणि तो सार्वजनिक मालकीचा झाला. परिणामी तो कुणीही, कसाही छापून विकला आणि त्याच्या विटक्या, धूसर प्रतींचा सुळसुळाट झाला. याच चित्रपटात नर्तक-अभिनेता फ्रेड आस्टेअर खोलीच्या भिंतींवर आणि छतावर नाचतो. सबंध खोलीच फिरती बांधली होती आणि कॅमेरा तिच्यासोबत फिरत होता. आस्टेअर मात्र कायम खालच्याच बाजूला उभा होता. ही करामत धूसर प्रतीत निम्मी वाया जाते. हक्काच्या दृष्टीने फुकट प्रत पाहण्यास हरकत नसेलही, पण पहिली भेट तरी स्वच्छ प्रतीतूनच घडावी.

डिस्क घेताना रीजन पाहावा. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये येतो आणि अमेरिका रीजन १ मध्ये. ब्लू-रेसाठी भारत सी गटात आणि अमेरिका ए गटात. काही डिस्क सर्व रीजनमध्ये चालतात, पण वेष्टनावर तसे छापले आहे का, हे खरेदीपूर्वीच तपासावे. परदेशातून मागवल्यास टपालखर्च आणि सीमाशुल्कही हिशेबात धरावे.

संगीतपटांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे आणि त्याची माहिती दुकानदार देत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, तर युरोपात आणि आपल्याकडे रूढ असलेल्या पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीची डीव्हीडी २५ चौकटींनी. त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज मुद्दाम दुरुस्त केलेला नसेल, तर सगळ्या गाण्यांची पट्टी जवळजवळ अर्ध्या सुराने चढते. साध्या चित्रपटात हे कळत नाही. पण ज्याचा कान थोडाफार तयार आहे, त्याला ज्युडी गार्लंडचा भरदार आवाज अकारण कोवळा लागतो आणि नृत्याची लयही घाईची वाटते. शक्य असेल तिथे ब्लू-रे घ्यावी.

४. टीव्हीची सेटिंग्ज बदला

ही पायरी वगळू नये. दहा मिनिटांचे काम आहे आणि फरक विलक्षण आहे.

पहिली गोष्ट चौकटीची. १९५३ पूर्वीचे चित्रपट १.३७ : १ या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित होत. आजचा टीव्ही १.७८ : १ असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणे हेच योग्य. त्या घालवण्यासाठी ‘झूम’ केले, तर चौकटीचा वरचा-खालचा मिळून जवळजवळ चौथा भाग कापला जातो. आस्टेअरचा आग्रह असे की, नर्तक डोक्यापासून पावलांपर्यंत पूर्ण दिसावा आणि नृत्य शक्य तितके अखंड टिपावे. झूममध्ये नेमकी पावलेच जातात. ‘स्ट्रेच’ केल्यास सडपातळ नर्तक बुटके आणि फुगीर दिसतात. चित्राच्या आकाराचे सेटिंग ‘ओरिजिनल’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असे असावे. १९५३ नंतरच्या सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीच्या, चित्रपटांत पट्ट्या वर-खाली येतात. त्याही तशाच राहू द्याव्यात. ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’ (१९५४), ज्यावरून आपल्याकडे ‘सत्ते पे सत्ता’ निघाला, त्यात धान्यकोठार उभारण्याच्या प्रसंगी मायकल किडने बसवलेले नृत्य रुंद चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेले आहे. कडा कापल्या की भाऊच गळतात.

दुसरी गोष्ट हालचालीची. आजचे टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करतात. सोनीवर तिला ‘मोशनफ्लो’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’ अशी नावे दिसतील. ही सोय पूर्ण बंद करावी. टॅपनृत्यात पाऊल जमिनीवर आदळण्याचा क्षण टोकदार हवा. या सोयीने तो पुसट होतो आणि सगळेच मालिकेच्या चित्रीकरणासारखे दिसू लागते.

तिसरी गोष्ट रंगाची. ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडावा. त्या काळच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन कृष्णधवल निगेटिव्ह धावत आणि त्यांवरून रंगांचे थर छापून चित्र तयार होई, त्यामुळे मूळचेच रंग गडद आणि भरलेले असतात. त्यांवर टीव्हीने आणखी भडकपणा चढवला की चेहरे नारिंगी होतात.

५. आवाज आणि शब्द

१९५० पूर्वीच्या बहुतेक संगीतपटांचा आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, आहे. तो तसाच ऐकावा. ‘सराउंड’चा आभास निर्माण करणारी सोय बंद ठेवावी, नाहीतर गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा लागतो.

सबटायटल्स पहिल्या वेळी जरूर लावावीत. कोल पोर्टर, आयरा गर्शविन, डोरोथी फील्ड्स, लॉरेन्झ हार्ट या गीतकारांची यमके आणि श्लेष कानाने लगेच पकडणे सोपे नाही. काही सबटायटल्समध्ये गाणे आले की नुसती सुरांची खूण येते आणि शब्द येत नाहीत. अशा वेळी श्रवणदोष असलेल्यांसाठीची सबटायटल्स निवडावीत, त्यांत बहुधा शब्द असतात. दुसऱ्यांदा पाहताना मात्र ती बंद करावीत, कारण अक्षरे नेमकी पावलांवरच पडतात.

६. पहिला चित्रपट: ‘सिंगिंग इन द रेन’

कुणी ‘द साउंड ऑफ म्युझिक’पासून सुरुवात करा म्हणेल, पण तो जवळजवळ तीन तासांचा आहे आणि नृत्याच्या दृष्टीने या कलेचा प्रातिनिधिक नमुना नाही. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) हा १०३ मिनिटांचा आहे, विनोदी आहे आणि त्याची कथा १९२७ च्या सुमारास मूकपट जाऊन बोलपट आले, त्या धांदलीची आहे. म्हणजे मनोरंजनासोबत या प्रकाराच्या जन्माचा इतिहासही कळतो. जीन केली आणि स्टॅन्ली डोनेन यांनी तो मिळून दिग्दर्शित केला. गाणी बहुतेक जुनीच, आर्थर फ्रीड आणि नॅसिओ हर्ब ब्राउन यांची. ती गुंफण्यासाठी बेटी कॉमडेन आणि अॅडॉल्फ ग्रीन यांनी पटकथा लिहिली.

शीर्षकगीताचा प्रसंग नीट निरखून पाहावा. प्रेयसीला दारापर्यंत सोडून नायक, म्हणजे स्वतः जीन केली, परत निघतो आणि वाट पाहणाऱ्या गाडीला जायला सांगतो. थोडे चालून झाल्यावर तो छत्री मिटतो आणि दिव्याच्या खांबावर चढतो. मग पन्हळीतून कोसळणाऱ्या धारेखाली उभा राहतो, फूटपाथच्या कडेवर एक पाय वर, एक पाय खाली ठेवत नाचतो आणि रस्त्यातल्या डबक्यांत लहान मुलासारखे पाणी उडवतो. पोलीस समोर येताच तो थबकतो आणि छत्री एका वाटसरूला देऊन चालू लागतो. या चित्रणाच्या वेळी केलीला चांगलाच ताप होता. पण पाहण्याची गोष्ट वेगळी आहे: आनंद कसा पायरीपायरीने वाढतो आणि कॅमेरा त्याच्यासोबत कसा मागे सरत उंच जातो, ते पाहावे.

चित्रपट संपल्यावर लगेच दुसरा लावू नये. एकच नृत्य पुन्हा लावावे आणि एकदा फक्त पाय, एकदा हात-खांदे आणि एकदा फक्त कॅमेरा पाहावा. ही सवय लागली की पुढचे सगळे चित्रपट दुप्पट बोलके होतात.

७. आस्टेअर आणि रॉजर्स

फ्रेड आस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांनी १९३३ ते १९३९ या काळात आरकेओ स्टुडिओत नऊ चित्रपट एकत्र केले आणि दहावा १९४९ मध्ये एमजीएममध्ये. सुरुवात ‘टॉप हॅट’ (१९३५) किंवा ‘स्विंग टाइम’ (१९३६) यांपैकी एकाने करावी. कथानक ओळखीच्या गोंधळावर उभे असते आणि ते विरळ असते, हे आधीच मान्य करून बसावे. ‘टॉप हॅट’मधले व्हेनिस तर उघडउघड स्टुडिओतले आहे, पांढरेशुभ्र आणि चकचकीत, तो खोटेपणा दोष म्हणून न पाहता नृत्यासाठी रिकामी केलेली जागा म्हणून पाहावा.

‘स्विंग टाइम’मधला शेवटाकडचा प्रसंग माझ्या मते या जोडीच्या कामाचे शिखर आहे. दोघांची ताटातूट ठरलेली आहे. रिकाम्या नाइटक्लबमध्ये ती जिना चढू लागते आणि तो खाली उभा राहून, आता आपण पुन्हा कधी नाचणार नाही, असे गातो. ती खाली येते. दोघे शेजारी शेजारी नुसती चालू लागतात. चालण्याचे नृत्य नेमके कधी झाले, ते कितीही वेळा पाहिले तरी बोट ठेवून सांगता येत नाही. आधी आलेल्या गाण्यांच्या सुरावटी जेरोम कर्नच्या संगीतात परत येतात, म्हणजे त्यांचा सगळा सहवास पुन्हा डोळ्यांपुढून जातो. मग दोघे दोन वेगळ्या जिन्यांनी वर चढतात, वर पुन्हा भेटतात, ती गिरक्या घेते आणि निघून जाते. याचे चाळीसहून अधिक टेक झाले आणि रॉजर्सच्या पावलांतून रक्त आले. मन लावून पाहिले, तर ‘त्यांचे जमणार का’ हा प्रश्न एखाद्या कसलेल्या नाट्यप्रवेशासारखा इथे अंगावर येतो.

८. पुढच्या वाटा

इथून पुढे आवडीनुसार जावे. सक्तीचा क्रम नाही.

भव्यतेची ओढ असेल, तर बस्बी बर्कलीची नृत्ये असलेले वॉर्नरचे १९३३ चे चित्रपट पाहावेत: ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’, ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’, ‘फूटलाइट परेड’. सुरुवातीचे सूत्र इथे लागू पडत नाही. बर्कलीच्या नृत्यात कथा पुढे जात नाही. छतावरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याखाली डझनावारी नर्तिकांची बदलती आकृती हाच विषय असतो. महामंदीतले बेकार, उपाशी अमेरिकन मात्र या झगमगाटामागे सतत जाणवतात.

गाणे कथेत कसे विरघळते, हे पाहायचे असेल, तर रूबेन मामूलियनचा ‘लव्ह मी टुनाइट’ (१९३२) शोधून काढावा. त्यात पॅरिसमधल्या शिंप्याच्या दुकानात सुरू झालेले गाणे गिऱ्हाइकाच्या तोंडी बसते. त्याच्याकडून ते टॅक्सीवाला उचलतो, मग संगीतकार, मग आगगाडीतले सैनिक, मग रानातला भटका वादक, आणि शेवटी ते दूरच्या गढीतल्या राजकन्येच्या सज्जापर्यंत पोहोचते. नायक-नायिका अजून भेटलेलीही नसतात.

व्हिन्सेंट मिनेलीचे ‘मीट मी इन सेंट लुइस’ (१९४४) आणि ‘द बँड वॅगन’ (१९५३) हे कुटुंबासोबत पाहण्याजोगे आहेत. दुसऱ्यात आस्टेअर आणि सिड चरीस यांना आपण एकत्र नाचू शकू की नाही, याचीच धास्ती असते. ती बागेत, नाचणाऱ्या गर्दीतून मुकाट्याने चालत जातात, मोकळ्या जागी पोहोचतात आणि एक शब्दही न बोलता, न गाता तो प्रश्न सोडवून गाडीत परत येतात.

‘स्टॉर्मी वेदर’ (१९४३) चुकवू नये. शेवटाकडे निकोलस बंधू ही कृष्णवर्णीय नर्तकांची जोडी प्रचंड पायऱ्यांवरून एकमेकांच्या डोक्यांवरून उड्या मारत उतरतात, प्रत्येक वेळी पाय पूर्ण फाकवून जमिनीवर पडतात आणि हात न टेकता उठतात.

९. न पटणाऱ्या गोष्टींची तयारी ठेवा

याच निकोलस बंधूंना गोऱ्या नटांच्या चित्रपटांत बहुधा एखादे नृत्य करून निघून जावे लागे. कृष्णवर्णीय गायिका लीना हॉर्नची गाणी एमजीएमच्या अनेक चित्रपटांत अशा बेताने घातली जात की, दक्षिणेकडील राज्यांतल्या चित्रपटगृहांना ती सहज कापता यावीत. ‘स्विंग टाइम’मध्येच आस्टेअर चेहऱ्याला काळा रंग फासून नाचतो. मुलांना घेऊन पाहत असाल, तर अशा प्रसंगी थांबून त्यांना त्यामागचा वंशभेद समजावून सांगावा. प्रसंग गुपचूप पुढे ढकलू नये.

१०. लांब चित्रपट आणि त्यांतले आवाज

‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१), ‘माय फेअर लेडी’ (१९६४) आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) यांसाठी सुट्टीचा दिवस ठेवावा. ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या आरंभी काही मिनिटे रंग बदलणाऱ्या पडद्यावर उभ्या रेघा दिसतात आणि फक्त वाद्यवृंद वाजतो. प्लेअर अडकला, असे वाटून अनेक जण तो भाग ओलांडतात. तो मुद्दाम योजलेला आहे आणि तो ऐकल्याशिवाय पुढचे संगीत पूर्ण उमगत नाही. ‘माय फेअर लेडी’ आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ यांत मध्यंतराची जागाही ठरलेली आहे. चहा तेव्हाच घ्यावा.

‘माय फेअर लेडी’ ज्या शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर उभा आहे, त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले. ते पाहिलेल्या किंवा वाचलेल्या प्रेक्षकाला कथा समजावून सांगण्याची गरजच नाही. त्याने सगळे लक्ष गाण्यांकडे द्यावे. ऑड्री हेपबर्नच्या तोंडी ऐकू येणारा गाता आवाज बहुतांशी मार्नी निक्सनचा आहे. ‘वेस्ट साइड स्टोरी’त नताली वुडसाठी आणि ‘द किंग अँड आय’ (१९५६) मध्ये डेबोरा करसाठीही तीच गायली. आपल्याकडे ‘महल’ (१९४९) च्या ध्वनिमुद्रिकेवर आधी लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव छापले होते, पण लवकरच पार्श्वगायकाचे नाव घेणे रूढ झाले. हॉलिवूडने मात्र हे नाव दडवण्याचाच प्रयत्न केला आणि या तिन्ही चित्रपटांच्या मूळ नामावलीत निक्सनचे नाव नाही. तुमच्या वहीत ‘आवाज’ असा आणखी एक रकाना आखून तिथे ते लिहावे.